पूर्ण एक मिनिट

आमच्या ह्यांच्या छातीला कान लावून आजवर किती डॉक्टर पास झाले, ते त्यांनाच विचारा. आकडा तोंडपाठ आहे. मला विचाराल तर मी सांगेन, तो माणूस अर्ध्या शहाण्यांचा राजा आहे, आणि त्याच्याशी तीस वर्षं संसार करणारी मी पुरती वेडी.

हे शिंपी. घराच्या बाहेरच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, उभा आरसा आणि दोरीवर टांगलेले पांढरे एप्रन. रस्ता ओलांडला की मोठं हॉस्पिटल, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक डॉक्टरच. तिथल्या मेडिसिन विभागात तीन वर्षं शिकायला नवे रेसिडेंट आले की पहिल्या आठवड्यात आमच्याकडे माप द्यायला येतात. हे त्यांच्या बाह्या मुद्दाम बोटभर आखूड ठेवतात. पेशंटला हात लावताना मनगट मोकळं हवं म्हणे. आणि माप घेता घेता सांगून टाकतात, "आज मी तुमच्या छातीचं माप घेतोय, दोन महिन्यांनी तुम्ही माझ्या छातीशी याल."

ते खरंच असतं. लहानपणी ह्यांना ताप आला, सांधे सुजले, आणि त्यात हृदयाचा एक व्हॉल्व्ह आखडून गेला. दार अर्धवटच उघडतं, आणि रक्त त्यातून अंग चोरून जातं. त्याचा एक आवाज येतो. लांबून जड गाडी जावी तशी घरघर. हा आवाज पुस्तकात लिहिलेला असतो, पण इतका स्वच्छ ऐकायला मिळत नाही. बावीस वर्षांपूर्वी ह्यांना तपासताना विभागाचे मोठे सर, ते तेव्हा मोठे नव्हते, बराच वेळ झाला तरी स्टेथोस्कोप काढेनात. मग म्हणाले, "काका, तुम्ही आमच्या मुलांसाठी येत जाल का?" झालं. तेव्हापासून ह्यांचे पाय जमिनीवर नाहीत.

शिकवणीला बोलावणं, परीक्षेला बोलावणं. रेसिडेंटच्या शेवटच्या परीक्षेत खऱ्या पेशंटला तपासून काय आजार ते सांगावं लागतं, आणि ह्यांची केस म्हणजे हमखास. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून असे निघायचे की जणू परीक्षा ह्यांचीच आहे. पलंगावर आडवे झाले की पोरांच्या आधी ह्यांनाच घाई. डॉक्टरनं सांगायच्या आत डाव्या कुशीवर वळायचं, श्वास सोडून धरायचा. एखादं पोरगं घाबरून घामाघूम झालं की हळूच पुटपुटायचं, "खाली, थोडं खाली, हां, तिथंच. नाडी बहात्तर, नियमित. पायाला सूज नाही. लिहा." पोरं बिचारी बुडत्याला काडीचा आधार म्हणून तेच लिहायची. मोठ्या सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. ते हसण्यावारी न्यायचे.

मला मात्र हसू येत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी सरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की आता हा व्हॉल्व्ह बदलून घेतलेला बरा. हे म्हणाले, "बघू, या वर्षीची परीक्षा होऊ दे." पुढच्या वर्षी पण तेच. व्हॉल्व्ह बदलला की घरघर जाणार, घरघर गेली की टेलरकाकांना कोण विचारणार? मी भांडले, अबोला धरला, माझ्या भावाला बोलावून समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी सरांनी एक रेघ ओढून दिली. म्हणाले, "वहिनी, जोवर नाडी नियमित आहे तोवर आपण थोडं थांबू शकतो. ज्या दिवशी ठोके वेडेवाकडे पडायला लागतील, त्या दिवशी एकही परीक्षा नाही, काही नाही. मग हृदयात रक्ताची गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर लकवा, नाहीतर त्याहून वाईट." आणि त्यांनी माझी तीन बोटं धरून ह्यांच्या मनगटावर ठेवली. "दर रविवारी मोजायची. पूर्ण एक मिनिट."

मी मोजायची. पहिली दोन वर्षं पूर्ण एक मिनिट मोजली, हे खोटं नाही. मग कुणी रेसिडेंटनं सांगितलं की पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तरी चालतं, तेही तसंच करतात. मला ते बरं वाटलं. पंधरा सेकंद मोजायचे, गुणायचं, आणि उठून कामाला लागायचं.

आता त्या मुलीबद्दल सांगते. रेसिडेंटमध्ये तिला गोगलगाय म्हणायचे. बाकीची पोरं एका तासात दहा पेशंट उरकायची, ही दोन. पेशंटची उशी सारखी करेल, चष्मा शोधून देईल, मग हात धरून बसेल ती बसेलच. वरचे डॉक्टर तिला सगळ्यांसमोर फाडून खायचे. ह्यांच्यावर शिकायला आली तेव्हा ह्यांनी नेहमीप्रमाणे पुटपुटायला सुरुवात केली, तर ही म्हणाली, "काका, मला थोडं गप्प ऐकू द्या ना." ह्यांचा अपमान झाला. घरी येऊन म्हणाले, "ही मुलगी काही पास होत नाही." आणि शेवटच्या परीक्षेत पहिल्या खेपेला ती खरंच नापास झाली. वेळेत केस पुरी झाली नाही.

दुसऱ्या परीक्षेच्या महिनाभर आधी ती एप्रन घेऊन दुकानात आली. कमरेत आवळून द्यायचा होता, इतकी वाळली होती. मी तिला स्टुलावर बसवलं, चहा दिला. म्हणाली, "काकू, घरच्यांनी सांगितलंय, ही शेवटची खेप. या वेळी राहिले तर सोडून घरी यायचं." हे टाचण्या तोंडात धरून माप घेत होते. टाचण्या काढून म्हणाले, "पोरी, यंदा मी सांगतो तेवढं लिही. उगाच शहाणपणा नको." ती हसली. एप्रन ह्यांनी एका रात्रीत नाही, चांगले दोन दिवस घेऊन, उसवून नव्यानं शिवून दिला.

त्यानंतरच्या रविवारी मी नाडी मोजायला बसले तर हे म्हणाले हाताला तेल लागलंय, मग बघ. पण ते 'मग' काही आलं नाही. दुसऱ्या रविवारी गिऱ्हाईक. तिसऱ्या रविवारी मी हात धरलाच, तर हे बोलायलाच लागले. शेजाऱ्याच्या नळाचं, सुताच्या रिळाचं, वाटेल ते. मी कशीबशी पंधरा सेकंद मोजली आणि गुणाकार केला. अठ्ठ्याऐंशी. थोडी जास्त वाटली. जिना चढताना दोनदा थांबत होते, तर म्हणे वय झालं. मशीन मध्येच बंद करून बसायचे, तर म्हणे डोळे दुखतात. मला हे सगळं दिसत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, माझ्या तर हातातच कळसा होता.

परीक्षेच्या दिवशी मी नेहमीसारखी गेले. वॉर्डात पलंगांमध्ये हिरवे पडदे, आणि ह्यांच्या पडद्याबाहेर बाकावर मी, मांडीवर ह्यांचा शर्ट आणि डब्याची पिशवी. पडद्याला कान नसतात, मला आहेत. आतलं सगळं ऐकू येतं. सकाळपासून तीन पोरं येऊन गेली. तिघांनाही ह्यांनी पुटपुटून सांगितलं, नाडी बहात्तर, नियमित. तिघांनीही परीक्षकांना तेच सांगितलं आणि शाबासकी घेऊन गेले.

चौथी गोगलगाय. आतून मला तिचा आवाज आला, "काका, बरे आहात ना?" मग बराच वेळ शांतता. मग ह्यांची पुटपुट सुरू झाली आणि ती हळूच म्हणाली, "काका, मी मोजतेय." मग तिनं नर्सला बोलावलं. "सिस्टर, मी छातीवर ऐकते, तुम्ही मनगटावर मोजा. एकदम सुरू करू. पूर्ण मिनिट." मी बाहेर बसून माझ्या घड्याळाकडे बघत होते, का ते मला माहीत नाही. मिनिट झालं. सिस्टर म्हणाली, "चौऱ्याऐंशी." मुलगी म्हणाली, "मला एकशे सहा."

मी काही डॉक्टर नाही. पण एकाच माणसाचे, एकाच मिनिटाचे दोन आकडे कसे, एवढं मला कळतं. हृदय काही ठोके असे मारत होतं की ते मनगटापर्यंत पोचतच नव्हते. मी उठले तर दाराशी बसलेले वॉर्डमामा म्हणाले, "काकू, परीक्षा चालू आहे, आत जाता येणार नाही." आणि मी मेली खरंच खाली बसले. त्याचा राग मला अजून येतो.

तेवढ्यात परीक्षक आले. बाहेरगावचे एक, आणि आपले मोठे सर. बाहेरगावच्यांच्या हातात कागद होता, ज्यावर प्रत्येक केसची उत्तरं विभागानं आधीच लिहून दिलेली असतात. त्यांनी विचारलं, मुलीनं सांगायला सुरुवात केली, आणि नाडीपाशी येऊन म्हणाली, "सर, नाडी अनियमित आहे. पूर्णपणे अनियमित."

"अनियमित?" बाहेरगावचे म्हणाले. "परत बघा, डॉक्टर."

"दोनदा बघितली, सर."

"इथं नियमित लिहिलंय. तुमच्या आधीच्या तिघांनाही नियमित लागली." त्यांनी ह्यांच्या मनगटावर दोन बोटं टेकवली न टेकवली. "मला तर काही तसं वाटत नाही. आणि बाकीची तपासणी? पोट? फुप्फुसं?"

"ती राहिली, सर. नाडीत वेळ गेला."

"मागच्या वेळीही वेळच गेला होता ना?"

काकांनी मला नियमित सांगितलं होतं, हे ती बोलली नाही. बोलली असती तर सुटली असती, निदान अर्धी. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात, पण हिच्या पोटात काही नव्हतं हो. परीक्षकांच्या पेनचा आवाज आला. वेळ संपल्याची घंटा वाजायला दोन मिनिटं असतील. मी आतल्या आत म्हणत होते, बोला, अहो बोला आता, तुमच्यामुळे पोरगी जातेय.

मग ह्यांचा आवाज आला. असा बारीक आवाज मी ह्यांचा कधी ऐकला नव्हता.

"सर, तिचं बरोबर आहे."

"काका, तुम्ही बोलू नका," बाहेरगावचे म्हणाले.

"तो कागद जुना आहे, सर. ठोके चुकायला लागून चार आठवडे झाले. मशीनवर पाय मारताना मला कळलं. पाय एका तालात चालत होता आणि छाती दुसऱ्याच. मी सगळ्यांना खोटं सांगितलं. हिलाही सांगितलं. हिनं ऐकलं नाही."

मग मला वॉर्डमामा नव्हते आणि परीक्षा नव्हती. मी पडदा बाजूला केला. मोठे सर ह्यांच्या पलंगावर बसले होते, शेजारी, घरच्यासारखे, आणि ह्यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघत होते. ती मुलगी ह्यांनी शिवलेल्या एप्रनमध्ये भिंतीला टेकून उभी, ओठ पांढरे. पूर्ण एक मिनिट झालं तेव्हा सरांनी हात सोडला नाही. बाहेरगावच्या परीक्षकांना म्हणाले, "तो कागद मी लिहिलाय. आज सकाळी. फाईल बघून. काकांना गुड मॉर्निंग म्हणालो आणि पुढं गेलो. मीही हात लावला नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चुकलं, वहिनी."

मीही त्याच पंगतीतली. माझ्या हातात दर रविवारी हे मनगट होतं.

बाहेरगावच्या परीक्षकांनी कागद बघितला, मुलीकडे बघितलं, आणि जे लिहिलं होतं ते खोडलं. एवढंच म्हणाले, "पुढच्या केसवर चला, डॉक्टर." माणूस वाईट नव्हता. आधीच्या तिघांना नंतर परत बोलावलं म्हणे, आणि तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. पास झाले ते, पण काठावर.

ह्यांना तिथूनच भरती केलं. संध्याकाळी तपासणी झाली आणि हृदयाच्या एका कप्प्यात गुठळी दिसली. सुपारीएवढी. सर म्हणाले, आणखी महिनाभर असं चाललं असतं तर काय झालं असतं ते मी तुम्हाला सांगत नाही. सांगायची गरजही नव्हती.

मी पलंगाशी बसले आणि मनातलं सगळं काढलं. म्हटलं, "एवढी हौस? चार पोरांनी कान लावावा म्हणून मला विधवा करायला निघालात? पोरीचं वाटोळं करायला निघालात?" हे छताकडे बघत होते. मग म्हणाले, "हौस नाही गं. ती लोकांना सांगायला. छाती उघडून हृदय थांबवतात म्हणे. परत चालू झालं नाही तर? मला भीती वाटायची. सहा वर्षं भीतीच वाटत होती. परीक्षेचं नाव सांगितलं की लोक हसतात, कुणी पुढं विचारत नाही."

इतकी वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्या माणसाची भीती मला माहीत नव्हती. मी हात धरून बसून राहिले. भांडण तिथंच संपलं.

गुठळी विरघळायची औषधं आधी काही आठवडे, मग ऑपरेशन. हृदय थांबवलं आणि ते परत चालू झालं. धातूचा व्हॉल्व्ह बसवला. आता खोली शांत असली की ह्यांच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. सुरुवातीला मला झोप लागायची नाही, आता टिकटिक नसली तर लागणार नाही. घरघर मात्र गेली. गोगलगाय भेटायला आली, पास झाल्याचं सांगायला. ह्यांनी तिला स्टेथोस्कोप लावायला सांगितलं. तिनं सवयीप्रमाणे खूप वेळ ऐकलं आणि म्हणाली, "काका, घरघर पूर्ण गेली. छान चाललंय." हे हसले आणि तोंड भिंतीकडे केलं. टाके दुखतात म्हणून डोळ्यांत पाणी आलं म्हणे. मी म्हटलं, बरं.

पुढच्या परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे फोन आला नाही. हे सकाळी दाढी करून मशीनवर बसले. दोनदा फोन उचलून बघितला, चालू आहे ना म्हणून. दुपारी मोठे सर स्वतः रस्ता ओलांडून आले. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "काका, एक काम आहे. नवीन रेसिडेंट येतायत, त्यांच्या पहिल्या दिवसासाठी. तुमचं हृदय नकोय मला. तुमचं खोटं हवंय."

ह्यांना वाटलं सर टोमणा मारतायत. पण नाही. ऑपरेशननंतरही ह्यांची नाडी वेडीवाकडीच राहिली आहे. सर म्हणाले होते, असं होतं कधीकधी; गोळ्यांवर आवाक्यात असते. आता दरवर्षी पहिल्या दिवशी हे पलंगावर आडवे होतात, आणि प्रत्येक नवा डॉक्टर आला की प्रेमानं सांगतात, "नाडी बहात्तर, नियमित. लिहा बाळा, काही काळजी नाही." पलंगाजवळ ती मुलगी उभी असते, घड्याळ घेऊन. आता ती त्याच विभागात शिकवते, आणि गोगलगाय हे नाव तिला अजून आहे, पण ते आता कुणी तोंडावर म्हणत नाही. पहिल्या वर्षी चौदा पोरं होती. नऊ जणांनी नियमित लिहिलं. मग ती त्या नऊ जणांना एकेक करून परत ह्यांच्याशेजारी बसवते आणि मनगट हातात देते, आणि सांगते, "काकांकडे बघू नका. मोजा." ह्यांना त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गोड लागतं. आता आकडा किती डॉक्टर पास झाले याचा नाही, किती फसले याचा सांगतात.

रविवारी मी मशीनशेजारी बसते. हे हात पुढं करतात. मध्ये बोलायला लागले की मी पहिल्यापासून मोजते, हे त्यांना माहीत आहे, म्हणून बोलत नाहीत. परवा मात्र मधेच विचारलं, "तेव्हा तू पंधरा सेकंदच का मोजायचीस?"

मी मोजणं थांबवलं. म्हटलं, "पुढं काय लागेल, त्याची मला भीती वाटायची."

ह्यांनी मनगट आणखी पुढं केलं. मी परत एकपासून सुरू केलं.